शून्य किती घरांपर्यंत?

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये सगळ्यात मानाची जागा पोलॅरिमीटरची, म्हणजे रसातून जाताना प्रकाश किती फिरतो ते मोजणाऱ्या यंत्राची. बाहेर गव्हाणीत ऊस पडत असतो, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली असते, मिलचा घरघराट जमिनीतून पायात चढत असतो. आणि आत एका अंधाऱ्या कोपऱ्यात कुणीतरी एक डोळा मिटून नळीतला पिवळा उजेड बघत बसलेलं असतं. माझे वडील, आण्णा, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्यात लॅब केमिस्ट होते, तेव्हाचं हे चित्र. आता यंत्रं आपोआप चालतात, आकडा पडद्यावर उमटतो. तेव्हा तो डोळ्यानं धरावा लागायचा.

रसाचा नमुना आला की आधी ब्रिक्स, म्हणजे रसात एकूण किती पदार्थ विरघळलेत ते. मग रसात लेड सबअ‍ॅसिटेट घालून गढूळपणा खाली बसवायचा, गाळणकागदातून नितळ रस काढायचा, 200 मिलिमीटरच्या काचनळीत भरायचा आणि त्यातून ध्रुवित (एकाच प्रतलात थरथरणारा) प्रकाश सोडून तो किती फिरला ते वाचायचं. त्यावरून पोल, म्हणजे रसातली साखर, पोलवरून प्युरिटी आणि या सगळ्याच्या शेवटी उतारा, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली ते. उताऱ्यावर एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर) ठरते आणि एफआरपीवरून दर हंगामात आमच्याकडं काय काय होतं ते शिरोळ-हातकणंगल्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. एवढा सगळा गोंधळ एका किरणाच्या वळण्यावर उभा आहे याचं मला लहानपणी फार नवल वाटायचं.

शुद्ध साखर 26 ग्रॅम घ्या, पाण्यात विरघळवून 100 मिलिलीटर करा, त्या नळीत भरा. प्रकाशाचं प्रतल उजवीकडं सुमारे 34.6 अंश फिरतं. कोल्हापुरात फिरतं तसंच क्युबातही फिरतं. पण ट्रॉल्या दोन दिवस उन्हात थांबल्या, ऊस शिळा झाला, की साखरेचा रेणू मोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि त्यांचं मिश्रण प्रकाशाला डावीकडं फिरवतं. केमिस्ट लोक याला इन्व्हर्जन म्हणतात आणि ते झालं की सगळ्यांचे चेहरे उतरतात. मी एकदा आण्णांना विचारलं, उजवीकडंच का फिरतो? ते म्हणाले, "का फिरतो ते तू शिक की. मला किती फिरतो तेवढं सांगायचा पगार मिळतोय."

मी शिकलो. पुढं भौतिकशास्त्र शिकवतही राहिलो. त्या 'का'चं उत्तर 1848 साली लुई पाश्चरनं चिमट्यानं वेचून काढलं होतं. टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली बघताना त्याला दिसलं की त्यात दोन जाती आहेत, एक दुसरीचं आरशातलं रूप. त्यानं त्या वेगळ्या केल्या. एकीचं द्रावण प्रकाश उजवीकडं फिरवायचं, दुसरीचं तितकाच डावीकडं. साखरेच्या रेणूलाही अशीच उजवी-डावी ठेवण असते. उसाला एकच येते, कारण त्याच्या पेशींतली यंत्रणा पिढ्यान् पिढ्या तीच घडवत आली. पण प्रयोगशाळेत कुणी आरशातली साखर बनवली, तर ती तितकेच अंश डावीकडं फिरवेल. थोडक्यात, पक्षपात उसाचा. निसर्गनियमांनी काही उजव्या बाजूला मत दिलेलं नाही.

असंच सगळ्यांना वाटत होतं. गुरुत्वाकर्षणाला उजवं-डावं कळत नाही, विद्युत-चुंबकीय बलाला कळत नाही. कुठल्याही प्रयोगाचं आरशातलं रूप हाही निसर्गाला चालणारा प्रयोगच असतो. या सममितीला भौतिकशास्त्रात पॅरिटी म्हणतात. 1956 मध्ये ली आणि यांग या दोघा तरुण चिनी-अमेरिकन शास्त्रज्ञांनी जुने निबंध चाळून एक अडचणीची गोष्ट पुढं आणली. किरणोत्साराच्या मुळाशी असलेल्या दुर्बल बलाच्या बाबतीत ही सममिती कुणी तपासलेलीच नव्हती. तपासून खरी ठरली होती असं नाही, खोटी ठरली होती असंही नाही. इतक्या हुशार माणसांनी इतकी वर्षं ती नुसती गृहीत धरली होती. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सगळ्यात जास्त खटकतो. आमच्या लॅबमध्ये रोज सकाळी रसाआधी नळीत साधं पाणी भरून शून्य तपासल्याशिवाय पहिला नमुना घेत नसत.

तपासलं ते चिएन-शिउंग वू यांनी. कोलंबिया विद्यापीठातल्या वू बीटा क्षयाच्या, म्हणजे अणुकेंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या, प्रयोगांतल्या जाणकार होत्या. त्या वर्षी नवऱ्याबरोबर पूर्वेकडच्या प्रवासाला जायचं होतं, बोटीची तिकिटं काढून झाली होती. नवरा एकटा गेला. वूबाई वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये अँब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर कामाला लागल्या, कारण प्रयोगाला लागणारी थंडी तिथं तयार करता येत होती. किरणोत्सारी कोबाल्ट-60 ची अणुकेंद्रकं भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरतात. हे सगळे भोवरे चुंबकीय क्षेत्रानं एका दिशेला उभे करायचे, तर उष्णतेची धडपड थांबवली पाहिजे. म्हणून केवल शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागाइतक्या तापमानापर्यंत जायचं. मग मोजायचं, की क्षयातून निघणारे इलेक्ट्रॉन वर जास्त जातात की खाली.

सममिती खरी असेल तर दोन्हीकडं सारखे जायला हवेत. कारण आरसा उभा धरला तर आरशातल्या भोवऱ्याची फिरण्याची दिशा उलटते, पण वर-खाली तसंच राहतं. इकडं इलेक्ट्रॉन आसाच्या एका टोकाला जास्त जात असतील, तर आरशात ते दुसऱ्या टोकाला जास्त जाताना दिसतील; आणि तसा कोबाल्ट जगात कुठंच मिळत नाही. आरशातली साखर बनवता येते. आरशातला कोबाल्ट-60, त्याच कणांचा, बनवता येत नाही.

इलेक्ट्रॉन एकाच बाजूला जास्त गेले. फरक चिमूटभर नव्हता, ढळढळीत होता. 1957 च्या जानेवारीत निकाल जाहीर झाला. ती बातमी कानावर पडायच्या आधी वोल्फगांग पाउली या नामांकित भौतिकशास्त्रज्ञानं एका पत्रात लिहिलं होतं की देव किंचित डावखुरा असेल यावर आपला विश्वास नाही, आणि सममितीच्या बाजूनं मोठी पैज लावायचीही तयारी दाखवली होती. ली आणि यांगना त्याच वर्षी नोबेल मिळालं. वूबाईंना नाही. ज्यांनी विचारलं त्यांना मिळालं आणि जिनं मोजलं तिला नाही, यावर आण्णांचं मत काय पडलं असतं ते मला न विचारता ठाऊक आहे.

मोजल्यावर सिद्धांत बसवायला वेळ लागला नाही. केरळात जन्मलेले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करून अमेरिकेला गेलेले जॉर्ज सुदर्शन यांनी मार्शाक यांच्याबरोबर 1957 मध्येच दाखवलं की दुर्बल बल फक्त डाव्या हाताच्या, म्हणजे पुढं जाताना डाव्या मळसूत्रासारख्या फिरणाऱ्या, कणांना धरतं. फाइनमन आणि गेल-मान यांचा त्याच आशयाचा लेख आधी छापून आला, आणि बरीच वर्षं नाव त्यांचंच पुढं राहिलं.

आता परत पोलॅरिमीटरकडं येतो, कारण ही गोष्ट मला महाविद्यालयात शिकवताना कळली आणि त्या रात्री मला झोप लागली नव्हती. अणूला उजवी-डावी ठेवण नसते. बिस्मथ धातूची वाफ केली तर तिच्यात साखरेसारखे वळलेले रेणू नसतात, सुटे अणू असतात. त्यातून गेलेला प्रकाश फिरायचं काही कारण नाही. पण दुर्बल बल जर खरंच डावखुरं असेल आणि ते इलेक्ट्रॉन आणि केंद्रक यांच्यातही वागत असेल, तर तो फिरायला हवा. किती? साधारण एका रेडियनच्या कोटीव्या भागाइतका. ऑक्सफर्ड आणि सिएटलच्या गटांनी आधी मोजलं, त्यांना काही सापडलं नाही आणि तो फिरेल असं सांगणाऱ्या त्या काळच्या नव्या सिद्धांतावर संकट आलं. मग 1978 मध्ये नोव्होसिबिर्स्कमध्ये बार्कोव्ह आणि झोलोतोरेव्ह यांना ते वळण सापडलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या इलेक्ट्रॉन प्रवेगकावर वेगळ्या वाटेनं तीच गोष्ट दिसली. आमच्या लॅबमध्ये 34 अंश. नोव्होसिबिर्स्कमध्ये अंशाचे काही दशलक्षांश. यंत्राचं तत्त्व तेच, नळीतून उजेड बघायचा.

माझी भाची युरोपात एका प्रयोगशाळेत न्यूट्रॉनवर काम करते. नाव छापायचं नाही अशी तिची अट आहे. शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी करून गेली. दिवाळीला घरी आली की पाहुणे विचारतात, काय शोधतीस? ती सांगते. मग विचारतात, सापडलं काय? ती म्हणते, "अजून शून्यच." मग लोक फराळाचं ताट पुढं सरकवतात आणि विषय लग्नावर नेतात.

ती शोधते ते असं. न्यूट्रॉनवर एकूण विद्युतभार नाही. पण त्याच्या आत भार असलेले क्वार्क नावाचे कण आहेत. मग त्यातला धनभार किंचित एका टोकाला आणि ऋणभार किंचित दुसऱ्या टोकाला सरकलेला असेल का? असेल तर मोठी भानगड होते. भोवऱ्याचं डोकं लाल रंगवा, आरेकडची बाजू निळी ठेवा आणि तो फिरताना चित्रफीत काढून उलटी चालवा. भोवरा उलटा फिरताना दिसेल, रंग मात्र होते तिथंच राहतील. म्हणजे 'लाल टोकाकडून बघितलं तर डावीकडं फिरतो' याचं 'उजवीकडं फिरतो' झालं. भोवरे दोन्ही तऱ्हेचे असू शकतात. न्यूट्रॉन मात्र सगळे एकसारखे असतात. तेव्हा न्यूट्रॉनला असं लाल टोक असेल, तर काळ उलटा चालवल्यावर दिसणारा न्यूट्रॉन निसर्गात नसलेलाच असेल. याचा अर्थ निसर्गनियमांना काळाची दिशा कळते.

हे नुसतं डोक्याला खाद्य नाही. काळाची सममिती मोडणं आणि कण-प्रतिकण यांच्या वागण्यात फरक असणं या एकाच नाण्याच्या दोन बाजू मानल्या जातात. महास्फोटात द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच निपजलं असतं तर एकमेकांना मिटवून नुसता प्रकाश उरला असता. दर अब्जामागं साधारण एक कण जास्तीचा उरला आणि त्यातून तारे झाले, पंचगंगा झाली, आपण झालो. आंद्रेई साखारोव्ह यांनी 1967 मध्ये लिहून ठेवलं की असा पक्षपात व्हायला ही सममिती मोडावीच लागेल. ती मोडते हे क्रोनिन आणि फिच यांना 1964 मध्येच के-मेसॉन नावाच्या कणाच्या क्षयात दिसलं होतं, हजारात दोन वेळा. पण आजवर जितकी मोडतोड सापडली आहे ती हिशेबाला पुरत नाही. फारच कमी पडते. बाकीची कुठंतरी लपलेली असणार, म्हणून न्यूट्रॉनकडं बघायचं.

बघायची रीत 1950 मध्ये पर्सेल आणि रॅम्झी यांनी सुचवली आणि 1957 मध्ये पहिलं उत्तर छापून आलं: शून्य. हल्लीचं सगळ्यात काटेकोर उत्तर स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतून 2020 मध्ये आलं. न्यूट्रॉन इतके थंड करतात की ते सेकंदाला काही मीटर एवढ्याच वेगानं चालतात आणि भांड्यात कोंडता येतात. पृथ्वीच्या क्षेत्राच्या जेमतेम पन्नासाव्या भागाइतकं चुंबकीय क्षेत्र आणि जोडीला विद्युतक्षेत्र लावतात. त्यात न्यूट्रॉनचा आस सेकंदाला सुमारे 29 वेळा घुमतो. तीन मिनिटं घुमू देतात. मग विद्युतक्षेत्राची दिशा उलटी करून पुन्हा तेच. दोन वेळच्या घुमण्यात केसभरही फरक पडला तर न्यूट्रॉनला लाल टोक आहे. त्याच भांड्यात पाऱ्याची वाफ भरलेली असते, ती चुंबकीय क्षेत्रावर पहारा करते; कारण क्षेत्र स्वतःच जरा हललं तर खोटा फरक दिसणार. 2015 आणि 2016 या दोन वर्षांत अशी 50,000 हून जास्त आवर्तनं झाली.

याहून मला आवडलं ते पुढचं. आकडे हाती आल्यावर त्यात मुद्दाम एक गुप्त संख्या मिसळतात, जेणेकरून विश्लेषण करणाऱ्याला आपण शून्याकडं चाललोय की मोठ्या शोधाकडं, हे कळूच नये. दोन गट वेगवेगळं विश्लेषण करतात. सगळं ठरलं की मगच ती संख्या काढून घेतात. भाचीनं हे सांगितलं तेव्हा आण्णा समोर बसून शेव खात होते. म्हणाले, "आमच्यात कुणी आकडा लपवला तर लोकांनी त्याचा वेगळाच अर्थ काढला असता."

तेव्हा ते पंच्याऐंशीच्या पुढं होते, ऐकायला कमी येत होतं, पण आकड्याचा विषय निघाला की कान लागायचे. पाहुणे गेल्यावर त्यांनी तिला विचारलं, "शून्य आलं म्हणतीस. किती घरांपर्यंत?"

तिनं मान वर केली. इतक्या दिवाळ्यांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"पंचवीस, आजोबा. दशांशचिन्हानंतर पंचवीस शून्यं. त्याच्या पुढचं आम्हाला अजून दिसत नाही."

"आणि पहिल्यांदा केलं त्यांना?"

"एकोणीस."

"म्हणजे सहा घरं वाढवली. किती वर्षांत?"

"त्रेसष्ट."

आण्णांनी जरा वेळ मनात काहीतरी केलं आणि म्हणाले, "वाईट नाही. आम्हाला दुसऱ्या घरात नेम धरता धरता हंगाम संपायचा."

घरं म्हणजे काय ते एका हिशेबानं सांगतो. न्यूट्रॉन फुगवून पृथ्वीएवढा केला, तर त्यातल्या धन आणि ऋण भाराच्या केंद्रांत एक-दीड मायक्रॉनहून जास्त अंतर नाही, इथवर मापन पोचलं आहे. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. छापलेल्या निकालात मधला आकडा चक्क 0.0 असा आहे आणि त्याच्यापुढं अनिश्चितता. या 0.0 नं किती सिद्धांतांना मूठमाती दिली! कागदावर फार देखणे होते ते, त्यांच्या हिशेबानं न्यूट्रॉनचं लाल टोक एव्हाना दिसायला हवं होतं. दुसरीकडं सध्याच्या प्रमाण प्रारूपाचं (कणांबद्दलच्या आजच्या मान्य सिद्धांताचं) भाकीत आजच्या मर्यादेहून किमान लाखपट लहान आहे. मधली सगळी घरं रिकामी पडलेली आहेत, आणि भाचीसारखी माणसं त्यातलं एखादं घर पुढं सरकावं म्हणून नोकरीची उमेदीची वर्षं घालवतात. इलेक्ट्रॉनवरही असंच चालू आहे. अमेरिकेत बोल्डर इथं 2023 मध्ये हाफ्नियम फ्लोराइडच्या आयनांवर मोजून इलेक्ट्रॉनचं शून्य 29 घरांपर्यंत नेलं. मला विचाराल तर आपल्याकडं विज्ञानाच्या बातम्या देणाऱ्यांनी 'काय सापडलं' हा स्तंभ काही दिवस बंद ठेवून 'शून्य किती घरांपर्यंत' असा सुरू करावा. कुणी वाचणार नाही, ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षी भाची नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राहिली, म्हणून आम्ही अंबाबाईच्या किरणोत्सवाला गेलो. देवळाचं तोंड पश्चिमेला. मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून शिरतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात येतात आणि सूर्य खाली जाईल तशी देवीच्या चरणांवरून वर चढत जातात. नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. महाद्वार रस्त्यावरचं एखादं बांधकाम, हवेतली धूळ किंवा ढग आडवे आले की किरणं कमरेपर्यंत येऊन थांबतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तेवढीच बातमी.

गर्दीत उभं राहून मी तिला हिशेब घातला. 10 नोव्हेंबर ते 22 डिसेंबर 42 दिवस. 22 डिसेंबर ते 1 फेब्रुवारी 41 दिवस. सूर्य दक्षिणेला जाऊन परत फिरतो, त्या वळणाच्या दोन्ही बाजूंना तो विषुववृत्ताच्या सुमारे 17 अंश दक्षिणेला असतो, म्हणून किरणं दोनदा येतात. नोव्हेंबरची चित्रफीत उलटी चालवली की जानेवारीची मिळते, काळाची सममिती ती हीच. मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला: नोव्हेंबरात किरणं पावणेसहाच्या सुमाराला येतात आणि जानेवारीअखेर सव्वासहाच्या. अर्धा तास कुठून आला? मोडली की सममिती!

ती हसली. "मामा, घड्याळ कुणाचं?"

डिसेंबर-जानेवारीत एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत 24 तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, डिसेंबरअखेर अर्ध्या मिनिटाएवढा. कारण पृथ्वी तेव्हा सूर्याच्या जवळ असते, वेगानं चालते, आणि तिचा आसही कललेला आहे. आपलं घड्याळ मात्र वर्षभर एकाच चालीनं चालतं. रोजचे ते सेकंद साठत साठत फेब्रुवारीपर्यंत अर्धा तास होतो. देवळाच्या आवारात सावलीचं घड्याळ रोवलं तर दोन्ही संध्याकाळी ते एकच वेळ दाखवील. "सममिती आहे तिथंच आहे. फरक आपल्या मापपट्टीतला. आमच्या लॅबमध्ये रोज असलेच अर्धे तास सापडतात आणि ते कुठून आले हे शोधण्यातच वर्ष जातं. कधी केबल, कधी बाहेरून गेलेला ट्रक. ते सगळे काढून टाकल्यावर जो उरेल तो खरा."

"आणि उरलाच नाही तर?"

"तर एक घर पुढं."

एवढ्यात मागून रेटा आला आणि आम्ही गरुड मंडपाच्या खांबाला जाऊन टेकलो. तेव्हा बाहेरगावहून किरणोत्सवाला यायचं असेल त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: जानेवारी-फेब्रुवारीत किरणं घड्याळानं अर्धा तास उशिरा येतात, पण उभं राहायला जागा हवी असेल तर नोव्हेंबरचीच वेळ धरून या.